न पोहलेले उंदीर

बाई, गेल्या रविवारी मी बदलापूर गावात तुमच्या धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. त्यांच्या माळ्यावर तुमचे दोन जुने पिंजरे पडून होते, ते घेऊन जा असा निरोप होता. पिंजऱ्यांबरोबर त्यांनी तुमच्या वह्याही खाली काढल्या. "ह्यांचं काय करू सांगा. रद्दीत द्यायला जीव होत नाही, आणि वाचून मला ओ का ठो कळत नाही," असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी उभ्या उभ्याच वरची वही उघडली. तुमचं ते बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. लिहिलेल्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती, 'शनिवारपासून न पोहलेले उंदीर पूर्ववत. कारण अज्ञात.' 'अज्ञात'खाली दोन रेघा, आणि दुसरी इतकी दाबून ओढलेली की कागद फाटलाय. चहा आला, मी प्यालो, गोड होता की अगोड ते सांगता येणार नाही. पिंजरे रिक्षात टाकले आणि निघालो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

आज शुक्रवार. उल्हासनगरला लाइटची सुट्टी, दिवसभर वीज नाही, त्यामुळे माझं पिंजऱ्यांचं वर्कशॉप बंद आहे. कारागीर नाहीत, प्रेस बंद, शेजारच्या सिंधी शेटचा शिलाईचा कारखानाही गप्प. एरवी मी शुक्रवारी घरी पेपर वाचत पडतो. आज शटर अर्धं वर करून आत येऊन बसलोय, तेही धड बसलो नाही. चार ओळी लिहितो, उठतो, तारेची बंडलं उगाच इकडची तिकडं करतो, पुन्हा येतो. पाच दिवस हेच चाललंय. काल बायको म्हणाली, "तुमाला काय चावलाय?" मी म्हटलं, "उंदीर." तिनं खरंच वाकून माझे पाय बघितले. कारण अज्ञात नव्हतं, बाई. कारण मला माहीत होतं. तुम्ही ती ओळ लिहिलीत त्या दिवशीही माहीत होतं, आणि मी तुमच्या टेबलापुढंच उभा होतो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. अंबरनाथच्या एमआयडीसीतली ती औषधाची कंपनी, पुढच्या बाजूला गोळ्या पाडायची मशिनं आणि मागे, चिंचेच्या झाडाखाली, बैठी इमारत. कागदावर तिचं नाव ॲनिमल हाउस, आम्ही म्हणायचो उंदीरखाना. पॅकिंगमधून कुणी तिकडं जायला तयार नव्हतं म्हणून मला पाठवलं. तुम्ही विचारलंत, "उंदरांची भीती वाटते का?" मी म्हणालो, "बाई, आमच्या घरात उंदीर आमच्या आधीपासून राहतात." सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे, माझ्या तोंडून मराठी शाळेसारखं 'बाई' निघून गेलं, आणि मी जीभ चावली. तुम्ही म्हणालात, "बाईच म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं माझ्या मागं दुसरं कुणी तरी उभं आहे."

पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. दोन्ही हातांत दोन-दोन पांढरे उंदीर शेपटीला धरून लोंबकळवत मी ऐटीत तुमच्या खोलीत आलो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुला कुणी पायाला धरून उलटं आणलं तर?" मी म्हटलं, "आमच्या मास्तरांनी आणलंय." तुम्ही हसला नाहीत. "हे बघ, तो तुझ्या हातानं घाबरला तर माझा आकडा खोटा ठरतो. मग मी काय मोजलं? त्याचं पोहणं मोजलं, की तुझा हात?" त्यानंतर पंधरा दिवस मला एकच काम, पिंजऱ्यात हात घालून नुसतं बसायचं. उंदरांना माझी सवय झाली. एकेक जण बाहीतून वर चढून बगलेत झोपायचा. आणि माझे कान तर तुम्हाला माहीतच आहेत. कुठल्या पिंजऱ्यात भांडण आहे, कुणाचा दात वाढलाय आणि तो तारेवर घासतोय, हे मी दाराबाहेरून सांगायचो. "तुझे कान म्हणजे माझ्या खोलीतलं सगळ्यात चांगलं उपकरण आहे," असं तुम्ही एकदा म्हणालात. ते मी घरी सांगितलं, आळीत सांगितलं, लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनाही सांगितलं.

तुम्हाला इंग्रजी शब्दांचं वावडं नव्हतं. साहेबांशी बोलताना तुम्ही फाडफाड बोलायचात. पण मला समजावताना हट्टानं मराठीत सांगायचात, आणि शब्द नसला तर तिथल्या तिथं तयार करायचात. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे जाणारं रसायन म्हणजे 'निरोप्या'. अजून मी मनात निरोप्याच म्हणतो. एकदा स्टेशनच्या रस्त्यावर एक कुत्रं रिक्षाखाली आलं. पाय चेपला, तरी ते वाऱ्यासारखं पळालं, पार पलीकडच्या बोळात गेलं, आणि तिथं पोचल्यावर मग केकाटायला लागलं. तुम्ही माझ्यासोबत उभ्या होतात. म्हणालात, "बघितलंस? पळताना त्याला दुखत नव्हतं. जिवावर बेतलं की मेंदू सांगतो, आधी जीव वाचव, दुखायचं ते नंतर दुखेल. हा हुकूम मेंदूत कोण देतं आणि तो खाली कुठला निरोप्या नेतो, तेच आपण शोधतोय."

ते शोधायची रीत मला झोपेतसुद्धा सांगता येईल. उंदराला तीन मिनिटं पाण्यात पोहायला सोडायचं. पुसायचं, कोरडं करायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग शेपटी दिव्याच्या झोताखाली धरायची. चटका जाणवला की तो शेपटी झटकतो, त्याच क्षणी घड्याळ थांबवायचं. भाजू नये म्हणून ठरलेल्या सेकंदांनी दिवा आपोआप विझायचा. साधा उंदीर पटकन झटकतो, पोहून आलेला उशिरा. आणि यात एक गंमत होती, ती सांगताना तुमचा चेहरा शाळेतल्या मुलीसारखा व्हायचा. मेंदू स्वतःची अफू स्वतः बनवतो. कोमट पाण्यात थोडा वेळ पोहलेला उंदीर त्या अफूवर असतो, कारण त्या अफूला अडवणारं इंजेक्शन आधी दिलं की त्याला पुन्हा लगेच चटका कळतो. पण बर्फाच्या पाण्यात पोहलेल्याला तेच इंजेक्शन द्या, काही फरक पडत नाही. तो उशिराच झटकतो. म्हणजे दुखणं थांबवायला मेंदूत अफूखेरीज दुसराही रस्ता आहे. त्या दुसऱ्या रस्त्यावरचा निरोप्या तुम्हाला हवा होता. तुमचा संशय डोपामीनवर होता, आणि त्याला अडवणारं एक औषध कंपनीच्या कपाटात होतं. बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून रिक्षानं आणायचं काम माझं. एका बाजूला पोहलेले उंदीर, एका बाजूला पोहलेले पण औषध दिलेले, आणि तुलनेला न पोहलेले. न पोहलेल्यांवर सगळं उभं होतं. ते सरळ वागले तरच बाकीच्यांना अर्थ.

आता तो शब्द. "पोहून आला की उंदीर काही वेळ बधिर होतो," तुम्ही म्हणालात. "किती वेळ बधिर राहतो, ते बघायचं."

बाई, आमच्या गावात हात मेला म्हणतात, पाय झोपला म्हणतात. बधिर हा शब्द मी आयुष्यात एकाच ठिकाणी वाचला होता, उल्हासनगरला जाताना रस्त्यात लागणाऱ्या मूकबधिर मुलांच्या शाळेच्या पाटीवर. बधिर म्हणजे बहिरा. आणि पोहून आलेला बहिरा होतो यात मला काहीच नवल वाटलं नाही. आम्ही सगळे उल्हास नदीत पोहून मोठे झालो. कानात पाणी जायचं, मग एका पायावर उड्या मारत, कानाला तापलेला दगड लावत घरी यायचं. आईनं हाक मारली आणि ओ दिली नाही की आजी म्हणायची, "कती वरडशील? त्याचे कानान पानी गेलाय, भयरा झालाय तो." उंदराचंही तसंच असणार. कान बंद झाल्यावर शेपटीचं कळणं का बंद व्हावं, हा प्रश्न एकदा मनात आला होता. पण आमच्या घरी तेव्हा नवीनच वायरिंग झालं होतं आणि पंखा लावला की मोरीतला दिवा जायचा, त्यामुळे डोक्यातही असंच एका तारेला दुसरी तार जोडलेली असेल असं मी ठरवून टाकलं.

पण माझे कान मला गप्प बसू देईनात. पोहलेल्या उंदरांना पुसताना मी बघायचो, डब्याचं झाकण पडलं की ते कान टवकारायचे. हे बहिरे कसे? मग मी तपासायचं ठरवलं. एक स्टीलची ताटली आणि एक पळी घरून आणली. पुसून झालेला उंदीर छोट्या पिंजऱ्यात ठेवायचा, कानापासून वीतभर अंतरावर ताटली धरायची आणि तीनदा दणका द्यायचा. तीनही वेळा उंदीर फूटभर उडायचा. म्हणजे ऐकतो! पण मी काही अडाणी नव्हतो, तुमच्या हाताखाली चार गोष्टी शिकलो होतो. तुलना हवी. म्हणून न पोहलेल्यांनाही तसेच तीन दणके. तेही उडायचे. मग त्यांना अलगद हातावर घेऊन, दोन दारं ओलांडून, तुमच्या टेबलावर आणून ठेवायचं. मधल्या दोन दारांमुळे तुम्हाला काही ऐकू यायचं नाही. खिशातल्या डायरीत मी नंबर टाकून लिहायचो, 'ऐकतो. ऐकतो. ऐकतो.' चार महिने. एवढी शिकलेली बाई, पण कानाच्या बाबतीत जरा चुकतेय, असं मला वाटायचं आणि तुमची कीव यायची. योग्य दिवस बघून, कुणी नसताना, तुम्हाला वाईट वाटणार नाही अशा बेतानं सांगायचं मी ठरवलं होतं. हे लिहिताना कानशिलं गरम झाली. उठून नळावर तोंड धुऊन आलो.

तुमचे न पोहलेले उंदीर बिघडले. पाण्याला शिवलेसुद्धा नव्हते, तरी शेपटी उशिरा झटकायला लागले, जवळजवळ पोहलेल्यांसारखेच. तुम्ही आधी दिव्यावर संशय घेतलात, दिवा बदलला. मग घड्याळ. मग खाणं, भुसा, पिंजऱ्यांची जागा. शेवटी उंदीरच नवे मागवले. मी प्रत्येक वेळी हौसेनं मदत केली. नव्या उंदरांना पण ऐकू येत होतं, मी पहिल्याच दिवशी तपासलं. तुम्ही कागदावर यादी करून एकेक गोष्ट खोडत होतात, "काही तरी त्यांना घाबरवतंय, पण काय?" असं स्वतःशी म्हणत होतात. त्या यादीत मी नव्हतो. सगळं बदललंत, मला नाही बदललं.

मग एक दिवस साहेबांच्या केबिनबाहेर मी सहीसाठी थांबलो होतो. पार्टिशन प्लायवूडचं, आणि माझे कान असे. साहेब म्हणत होते, "मॅडम, चार महिने हो गए. आपका बिना नहाया हुआ चूहा भी नहाया हुआ निकलता है. ऊपर क्या बोलूँ मैं?" तुम्ही म्हणालात, "मला पंधरा दिवस द्या." "पंद्रह दिन. फिर मैं बंद करता हूँ, आप फॉर्म्युलेशन में आ जाओ." तुम्ही बाहेर आलात, मला बघितलंत आणि म्हणालात, "चल, उद्या बर्फ जरा जास्त आण." आवाज नेहमीचाच होता. पण जिन्यावरून उतरताना तुम्ही कठडा धरला होता, एरवी कधी धरत नसायचात.

त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी उल्हासनगरला दोन नंबरच्या कॅम्पात एका सिंधी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. "आओ साईं, बैठो, मुँह खोलो. अरे, ये तो गया! निकालना पड़ेगा." हाताखालची मुलगी मराठी होती, तिनं सिरिंज भरली आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, "घाबरू नका काका, आधी बधिर करणार, मग काढणार." मला राग आला दोन गोष्टींचा, चोविसाव्या वर्षी काका म्हटल्याचा आणि दुसऱ्याचा. मी खुर्चीतून उठलोच. "कान कशाला? दाढ काढायला आलोय मी!" डॉक्टर म्हणाले, "क्या बोलता है ये?" ती मुलगी तोंडावर हात धरून हसायला लागली. "अहो कान नाही, हिरडी! हिरडी बधिर करायची, म्हणजे दुखलेलं कळत नाही." दुखलेलं कळत नाही. मी परत बसलो. सुई टोचली, गाल मेला, डॉक्टरांनी काय ओढलं ते कळलं नाही, आणि अर्धा तास मी छताकडं बघत चार महिन्यांचे दणके मोजत होतो.

शनिवारी ताटली वाजवली नाही. पण गप्पही बसवेना. दुपारी तुम्ही डबा खात होतात, मी दारात उभा राहून, सुजलेल्या गालानं, म्हटलं, "बाई, एक विचारू? उंदराला तपासायच्या आधी कुणी त्याच्या कानाशी ताट वाजवलं, तर काय होईल?" तुमचा घास हातातच राहिला. म्हणालात, "होईल की! अरे, मोठा आवाज हाही ताणच. तो घाबरेल, आणि मग पाण्यात न उतरताच पोहल्यासारखा बधिर होईल." मी दाराची चौकट घट्ट धरली. तुम्ही अगदी त्या जागेवर येऊन पोचला होतात, बाई, एकच पाऊल राहिलं होतं. आणि मग तुम्हाला ते चित्र दिसलं असावं, कारण तुम्ही हसायला लागलात. "पण कोण वाजवेल रे ताट? उंदराचं लग्न आहे का? वाजंत्री लावली, मग अक्षता टाकल्या, मग नवरदेव माझ्या टेबलावर!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. कितीतरी दिवसांनी हसला होतात. मीही हसलो, एका बाजूनं, दुसरी बाजू सुजलेली होती. आणि बोलायचं ते आत गेलं.

पुढचे दहा दिवस न पोहलेले उंदीर अगदी शहाण्यासारखे वागले. दिवा लागला, चटका बसला, शेपटी झटकली. पोहलेले उशिरा, न पोहलेले लवकर, दोघांत हवा तेवढा फरक. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली, आता कशाला जुनं उकरायचं. मी टेम्पररी होतो, घरात खाणारी सहा तोंडं, नोकरी जाईल या भीतीनं गप्प राहिलो. आता बाई आकडे दाखवतील, साहेब खूश होतील, सगळ्यांचं भलं. तुम्ही कशा आहात हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तुम्ही मला बोलावलंत. टेबलावर वही उघडी होती. "बस." मी उभाच राहिलो. "शनिवारपासून तू काही वेगळं करतोस का?"

"नाही बाई."

"आठवून बघ. टॉवेल, पाणी, येण्याचा रस्ता, वेळ. अगदी साबण बदललास का, तेसुद्धा."

"नाही बाई. सगळं तसंच."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, संशयानं नव्हे. संशयानं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. "तू नाही म्हणतोस म्हणजे नाही," म्हणालात, आणि ती ओळ लिहिलीत. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलंत ते पार्टिशनमधून मी ऐकलं. दहा दिवसांचे आकडे चांगले आहेत, पण त्याआधीचे चार महिने का बिघडले आणि अचानक का सुधारले हे मला सांगता येत नाही, तोवर मी हे वर पाठवणार नाही. साहेबांचा आवाज चढला. "मॅडम, खराब रिझल्ट आया तो प्रॉब्लेम, अच्छा आया तो भी प्रॉब्लेम?" तुम्ही म्हणालात, "हो." एवढंच.

काम बंद झालं. तुम्ही फॉर्म्युलेशनला, त्या गोळ्या बनवायच्या खात्यात, गेला नाहीत, राजीनामा दिलात आणि कॉलेजात शिकवायला लागलात. सामान बांधायला मी शिवमंदिराजवळच्या तुमच्या भाड्याच्या खोल्यांवर आलो होतो. पुस्तकांची खोकी सुतळीनं आवळून झाल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात थालीपीठ लावलंत. मी पाटावर, तुम्ही तव्यापाशी. "एक सांगू का तुला?" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात. "मला वाटतं माझाच हात. घड्याळ थांबवताना माझाच हात मागं-पुढं होत असणार. आपल्याला हवं ते दिसावं म्हणून हात नकळत लबाडी करतो. मग लक्षात आलं, आणि आपोआप सुधारलं. दुसरं काही कारणच उरत नाही." तुम्ही उलथणं धरलेला तो हात समोर धरून बघितलात, एखाद्या परक्या माणसाचा असावा तसा. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "थालीपीठ खमंग झालंय बाई."

निघताना तुम्ही मला एक कागद दिलात. पिंजऱ्याचं चित्र, मापं टाकलेलं. तळाची जाळी अशी की उंदराचा पाय अडकू नये, कोपरे गोल, दाराची कडी आवाज न करणारी. "बाजारातले पिंजरे त्रासदायक आहेत. तुला हात आहे, कानही आहेत. करून बघ." त्या कागदावर माझं सगळं उभं राहिलं. आधी एका गॅरेजच्या कोपऱ्यात, मग हे वर्कशॉप. आज ठाण्यापासून पुण्यापर्यंत माझे पिंजरे जातात, गिऱ्हाईकं म्हणतात, तुमच्या कडीचा आवाजच येत नाही, शेट. मी हसतो. आणि तुम्ही मात्र त्यानंतर एकाही उंदराला, एकाही घड्याळाला हात लावला नाहीत. तुमच्या बहिणीनंच सांगितलं रविवारी, चहा देताना, सहज. "कॉलेजात प्रॅक्टिकल असलं की ती दुसऱ्यांना करायला लावायची. म्हणायची, माझ्या हाताचा भरवसा नाही." तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं, बाई. सेकंदाच्या काट्याइतका खरा हात होता तो. तुम्ही गेलात तेव्हा मी मसणात सगळ्यांच्या मागे उभा होतो, आणि तेवढाच विचार डोक्यात होता.

हे बहिणीला जाऊन सांगावं, असं पाच दिवसांत पन्नासदा वाटलं. बदलापूर काय लांब नाही. त्या म्हणतील, जाऊ द्या हो, इतकी वर्षं झाली, आणि वर अजून एक कप चहा देतील. मला तेच नकोय. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या तुम्हीच नाहीत, म्हणून तर हे पत्र कुठं टाकायचं नाही हे पहिल्या ओळीलाच ठरलं होतं.

तुमच्या वहीचा एक नियम होता. चुकीचं लिहिलेलं खोडायचं नाही, फाडायचं तर नाहीच. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खाली वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहायचं. म्हणून या पत्रात मागची पानं उलटली आणि एका वाक्यावर रेघ मारून आलो. नोकरी जाईल या भीतीनं गप्प राहिलो, ते वाक्य. तुम्ही मला बोलावून विचारलंत त्या दिवशी सकाळीच मला कायम केल्याचं पत्र मिळालं होतं. तुमच्या टेबलापुढं उभा होतो तेव्हा ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तुम्हाला पेढे द्यायचेही राहून गेले. कंपनी मला काढू शकत नव्हती, आणि तुम्ही तर रागावलाही नसतात. ताटली कुठली, पळी कुठली, किती दणके, सगळं विचारून वहीत लिहून घेतलं असतंत. पण आधी तुम्ही हसला असतात, त्या शनिवारी हसलात तसं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि या वेळी ते माझ्यावर असतं. तेवढंच मला नको होतं, बाई.